दुपारची पंगत

सोमवारी सकाळी धारवाडमधल्या सरकारी कन्नड शाळेचं फाटक ओलांडलं की आधी तापलेल्या दुधाचा वास येतो. स्वयंपाकाच्या खोलीत मोठ्या पातेल्यात भुकटीचं दूध ढवळलं जात असतं आणि दाराशी स्टीलचे पेले घेतलेल्या मुलांची रांग लागलेली असते. कर्नाटक सरकारने १ ऑगस्ट २०१३ रोजी ‘क्षीरभाग्य’ योजना सुरू केली. प्रत्येक मुलाला दीडशे मिलिलिटर गरम दूध. सुरुवातीला ते आठवड्यातून तीन दिवस मिळे, पुढे पाच दिवस मिळू लागलं. २०२४ पासून काही दिवस त्यात नाचणीचं सत्त्व मिसळतात. घरून नुसता चहा पिऊन निघालेल्या मुलासाठी शाळेचा आठवडा या पेल्यापासून सुरू होतो. पहिला धडा त्यानंतर.

दूध संपेतो घंटा होते. राष्ट्रगीत होतं, नाडगीत म्हणजे राज्यगीत होतं, एखादं चौथीतलं पोर पुढे येऊन संविधानाची प्रास्ताविका वाचतं. पावसाळ्यात हे सगळं व्हरांड्यातच उरकावं लागतं, कारण धारवाडचा पाऊस एकदा भुरभुरायला लागला की दिवसच्या दिवस थांबत नाही. पश्चिमेकडून, मलनाडाच्या वाटेवरून आलेल्या पोरांच्या पायांना तांबडी माती असते. पूर्वेकडच्या, हुबळीच्या पलीकडच्या पोरांच्या पायांना काळी. व्हरांड्याच्या फरशीवर दोन्ही एकत्र होतात.

हुबळी आणि धारवाड ही वीसेक किलोमीटर अंतरावरची दोन शहरं १९६२ पासून एकाच महापालिकेखाली आहेत. इथल्या एका वर्गात बसलेल्या मुलांच्या घरी चार-पाच भाषा सहज निघतात : कन्नड, मराठी, दखनी उर्दू, लमाणी, कोकणी. मराठी घरातली मुलगी आईला ‘आई’ म्हणून हाक मारून निघते आणि गल्लीच्या टोकाला मैत्रिणीच्या आईला ‘अव्वा’ म्हणते. शाळेत शिरली की बाईंना ‘अक्कोरु’ आणि गुरुजींना ‘मास्तरु’. हे तिला कोणी शिकवलेलं नसतं. द. रा. बेंद्रे याच गावात १८९६ साली मराठी बोलणाऱ्या घरात जन्मले, कन्नडचे सर्वांत लाडके कवी झाले आणि इथल्याच व्हिक्टोरिया हायस्कुलात त्यांनी मुलांना शिकवलं. त्यांच्यासारखी प्रतिभा क्वचित कुणाला मिळते. पण घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, हा त्यांच्या वाट्याला आलेला प्रवास इथली पुष्कळ मुलं आजही रोज करतात.

दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी हाच प्रवास उलट्या दिशेने चाले. पेशवाईच्या अमलामुळे धारवाड प्रांतात कचेरीचा कारभार मराठीत रुजला होता. १८१८ नंतर हा मुलूख मुंबई इलाख्यात गेला तरी मराठीचं वजन टिकून राहिलं. कन्नड घरातली मुलं शाळेत मराठी गिरवत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर धारवाडच्या डेप्युटी चन्नबसप्पांनी शिक्षणखात्यात राहून कन्नड शाळांसाठी आणि कन्नड शिक्षक तयार करण्यासाठी जिवापाड कष्ट घेतले. त्यांच्या कष्टांमुळे इथल्या मुलांना अक्षरं स्वतःच्या बोलीत भेटू लागली. या गोष्टीचा मराठी वाचकाने आनंदच मानायला हवा. मूल ज्या भाषेत रडतं, भांडतं, त्या भाषेत त्याला पहिलं पुस्तक मिळावं, असं आपणही आपल्या मुलांसाठी म्हणतोच.

पहिली ते तिसरीची मुलं इथे एकाच खोलीत बसतात. या पद्धतीला ‘नलि-कलि’ म्हणतात. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात तिची सुरुवात झाली आणि २००९-१० पासून ती राज्यभरच्या सरकारी शाळांत आली. खोलीत बाकं नसतात. मुलं जमिनीवर गोल करून बसतात आणि अक्कोरुही त्यांच्यात मांडी घालून बसतात. भिंतीवर शिडीचं मोठं चित्र असतं. तिच्या पायरीपायरीवर एकेक खूण असते आणि त्या खुणेचं कार्ड मूल स्वतः उठून घेऊन येतं. कोणी अक्कोरुंच्या मदतीने शिकतं, कोणी शेजारच्या मुलाकडून, कोणी एकटं. भिंतीच्या खालच्या पट्ट्यावर मुलांच्या उंचीला येईल असा काळा रंग दिलेला असतो. प्रत्येकाच्या वाट्याला त्यातला एकेक तुकडा येतो आणि तोच त्याचा फळा.

अक्षरांचा क्रमही वेगळा. अ-आ-इ-ई नंतर येतात, आधी येतात र, ग, स, द, अ. वळणं सोपी आणि पाचच अक्षरांत शब्द तयार : सर म्हणजे माळ, अरस म्हणजे राजा, अगस म्हणजे धोबी. आपल्याकडे ‘ग म भ न’ गिरवून मोठ्या झालेल्यांना यातलं मर्म लगेच कळेल. महिन्याभरात मूल काहीतरी वाचू लागतं आणि वाचता येतंय हे त्याचं त्यालाच कळतं.

या शिडीचा खरा उपयोग गैरहजर मुलाला होतो. कापणीच्या दिवसांत आईबापांबरोबर शेतावर गेलेलं किंवा कामाच्या शोधात गोव्याकडे गेलेल्या कुटुंबातलं मूल तीन आठवड्यांनी परत आलं, तर वर्ग पुढे निघून गेलेला नसतो. ज्या पायरीवर त्याने कार्ड ठेवलं होतं, तिथेच ते पुन्हा उचलायचं. एका वेळी निरनिराळ्या पायऱ्यांवरची पंचवीस-तीस मुलं सांभाळताना शिक्षिकेची दमछाक होते. काही पालकांना हा सगळा खेळच वाटतो आणि घोकून घेणारी शाळा बरी असंही ते म्हणतात. तरीही मागे पडलेल्या मुलाला ‘तू मागे पडलास’ असं न ऐकवणारी ही खोली फार मोलाची आहे.

आषाढातल्या मंगळवारांचं इथल्या मुलींना निराळंच अप्रूप. ज्येष्ठी अमावास्येला, म्हणजे ‘मण्णेत्तिन अमावस्ये’ला, घरोघरी मातीचे बैल करून पुजतात. त्यानंतरच्या मंगळवारी मुली मातीची गुळ्ळव्वा देवी करतात आणि तिला गुंजांनी, करडईच्या दाण्यांनी सजवतात. कर्नाटकी बेंदूर पाळणाऱ्या कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला ही मातीची ओढ परकी वाटणार नाही. शिक्षक चांगला असेल तर त्या आठवड्यातला मातीकामाचा तास त्याला पुस्तकात शोधावा लागत नाही. कुणाच्या बैलाची शिंगं मोठी, कुणाच्या गुळ्ळव्वेला किती गुंजा लागल्या, यात गणितही होऊन जातं.

मग दुपार.

धारवाड आणि हुबळीच्या मध्ये रायापूर लागतं. तिथे अक्षयपात्र संस्थेचं प्रचंड स्वयंपाकघर आहे. धान्य वरच्या मजल्यावर निवडून धुतलं जातं आणि नळातून आपल्या वजनाने खालच्या वाफेच्या हंड्यांत उतरतं. सांबाराच्या हंड्यांत हजारो लिटर मावतात. पहाटे पेटलेल्या या चुलींवरून एक लाखाहून अधिक मुलांचं जेवण बंद डब्यांत भरून गाड्यांनी निघतं. जिथे या गाड्या पोचत नाहीत, तिथे शाळेतच भात शिजतो. १ जून २००२ रोजी ईशान्य कर्नाटकातल्या जिल्ह्यांत सुरू झालेली दुपारच्या जेवणाची ही योजना पुढच्या वर्षी राज्यभर पसरली. तिचं नाव ‘अक्षर दासोह’. दासोहाची, म्हणजे अन्नदानाची, रीत या भागात मुरलेली आहे. धारवाडच्या मुरुघामठात मृत्युंजय अप्पांच्या काळापासून गरीब विद्यार्थ्यांना फुकट राहायला-जेवायला मिळत आलं आहे.

शिजवलेलं अन्न शाळेतच द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सगळ्या राज्यांना दिला. एप्रिल २००४ च्या आदेशात त्याने आणखी एक गोष्ट सांगितली : स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्या. न्यायालयाला पंगतीचं मोल कळलं होतं. व्हरांड्यात समोरासमोर दोन रांगा बसतात, ताटं वाजतात, एक छोटी प्रार्थना होते आणि भात-सांबार वाढलं जातं. मोठी मुलं लहानांना पाणी देतात. कोण कुणाच्या शेजारी बसला, हे कुणी ठरवून दिलेलं नसतं.

याच धारवाडात १९१३ साली गंगूबाई हनगल जन्मल्या. शुक्रवार पेठेत त्यांचं घर होतं. आजूबाजूची वस्ती ब्राह्मणांची. गाणाऱ्या घराण्यातली ही मुलगी शेजारच्या अंगणात आली तर तिला हाकलून दिलं जाई. झाडाचे आंबे घेतले म्हणून बोलणी खावी लागत. पाचवीपर्यंत त्या शाळेत गेल्या. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तिथे स्वागतगीत गाणाऱ्या शाळकरी मुलींत त्या होत्या. गाण्याची त्यांना भीती नव्हती. आपल्याला जेवणाची उष्टी पत्रावळ उचलायला लावतील का, ही भीती त्या अकरा वर्षांच्या मुलीच्या मनात होती. पुढे गंगूबाईंनी ही गोष्ट स्वतःच सांगितली. सवाई गंधर्वांकडे शिकायला त्या हुबळीहून गाडीने कुंदगोळला जात. किराणा घराण्याचा तो भरदार आवाज महाराष्ट्राने डोक्यावर घेतला, २००२ साली पद्मविभूषण आलं. पण शाळेच्या वयात पंगतीपाशी लागलेला चटका त्या विसरल्या नाहीत.

म्हणून धारवाडच्या शाळेतली दुपार बघताना गंगूबाई आठवतात. शंभर वर्षांत काय बदललं, हे या व्हरांड्यात ताटाताटावर दिसतं. सगळं बदललं असं मात्र कोणी समजू नये. दलित बाईच्या हातचं नको म्हणून पालकांनी मुलांना शाळेतून काढल्याच्या बातम्या कर्नाटकातून अलीकडेही आल्या आहेत, आणि महाराष्ट्राने त्या वाचून निर्धास्त होऊ नये. पंगत रोज मांडावी लागते. आठवड्यातले सहा दिवस, सुट्ट्या वगळून वर्षभर.

अंड्याचीही एक कथा आहे. आधी काही जिल्ह्यांत आणि मग राज्यभर शाळेत अंडी मिळू लागली. अंडं न खाणाऱ्याला केळं; २०२५ पर्यंत शेंगदाण्याची चिक्कीही मिळे. मठांनी विरोध केला, चर्चा पेटल्या. शेवटी २०२४ च्या सप्टेंबरपासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने आठवड्याचे सहाही दिवस अंडी देण्याची सोय झाली. अक्षयपात्रच्या स्वयंपाकघरात अंडं शिजत नाही, तेव्हा ज्या शाळांत त्यांची गाडी येते तिथेही अंडी वेगळी उकडावी लागतात. एकाच रांगेत एक मूल अंडं सोलतं, शेजारचं केळं. मोठ्यांना जो वाद महिनोन्महिने सुटला नाही, तो मुलांनी पहिल्याच दिवशी ताटात सोडवून टाकला.

धारवाडपासून थोड्या अंतरावर, रानाच्या कडेला कलकेरी नावाचं खेडं आहे. तिथे २००२ साली कॅनडाहून आलेल्या मॅथ्यू फोर्टिए यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘कलकेरी संगीत विद्यालय’ उभं केलं. दारिद्र्यात वाढणारी दोनशेच्या आसपास मुलं तिथे राहतात, कन्नडमधून नेहमीचे विषय शिकतात आणि रोज हिंदुस्थानी संगीताचा रियाज करतात : गायन, तबला, सतार, बासरी, व्हायोलिन. राहणं, जेवणं, शिकणं सगळं विनामूल्य. मल्लिकार्जुन मन्सूर, बसवराज राजगुरू, भीमसेन जोशी, गंगूबाई या नावांमुळे मराठी रसिक धारवाडकडे तीर्थासारखे बघतात. त्या संगीताच्या वारशावर शेतमजुराच्या मुलीचाही तितकाच हक्क आहे, हे या लहानशा शाळेने करून दाखवलं. कुठल्याही स्मारकाहून ते मोठं.

शनिवारी शाळा सकाळची. मे २०१९ मध्ये राज्य सरकारने दप्तराचं वजन ठरवून दिलं. पहिली-दुसरीच्या मुलाचं दप्तर जास्तीत जास्त दोन किलो, आणि महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी दप्तरच नाही. त्या दिवशी गाणी, गोष्टी, खेळ, चित्रं. चौथीतली मुलं पहिलीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवतात, आणि वाचणारा अडखळला की ऐकणाऱ्यांतलाच कोणी त्याला शब्द पुरवतो.

या शाळांचा पट मात्र घटतो आहे. कुटुंबाची मिळकत थोडी वाढली की मूल इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये चढतं. प्राथमिक वर्गांत मातृभाषेची सक्ती करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी कर्नाटकाच्याच खटल्यात दिला. त्यानंतर सरकारी शाळांतही इंग्रजी माध्यमाचे वर्ग निघू लागले. पालकांना दोष देणं सोपं आहे, पण त्यांना मुलाच्या पोटापाण्याची काळजी आहे. काळजी करण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. ज्यांना परवडतं त्यांची मुलं निघून गेली, तर व्हरांड्यातल्या त्या पंगतीत फक्त गरिबांचीच मुलं उरतील. गरिबांनी गरिबांच्याच शेजारी बसून जेवायचं असेल, तर अर्धी पंगत मोडलीच म्हणायची. इमारत दुरुस्त करणं, रिकाम्या जागांवर शिक्षक नेमणं, शाळेच्या समितीत शिकलेल्या माणसांनी वेळ देणं, हे सगळं करता येण्याजोगं आहे आणि ते लवकर व्हायला हवं.

धारवाडला मराठी माणूस जातोच. लाइन बाजारातला पेढा घेतो, जी. ए. कुलकर्णींच्या आठवणीने जनता शिक्षण समितीच्या कॉलेजाकडे बघून येतो, हुबळीच्या देशपांडे नगरात गंगूबाईंच्या ‘गंगालहरी’ या घरासमोर उभा राहतो. पुढच्या वेळी त्याने मुख्याध्यापकांची परवानगी काढून एखाद्या सरकारी कन्नड शाळेतही जावं. शनिवारी नको, तेव्हा शाळा लवकर सुटते. सोमवार ते शुक्रवार कुठल्याही दिवशी, दुपारच्या सुट्टीच्या थोडं आधी पोचावं, आणि मुलांनी बोलावलं तर त्यांच्या रांगेत बसून जेवावं.