घरबसल्या द्रव्यार्जन

शाळेंत ३६ वर्षें आम्हीं मुलांस संस्कृत शिकविलें. पण शिकवणीचे पैसे मागतांना आमची जीभ सदैव अडखळली. विद्येचा मोबदला मागणें म्हणजे तीस उणेपणा आणणें, ही आमची समजूत. तीच आम्हीं पुतण्याच्या गळीं उतरविली, आणि तिचें फळ त्यास भोगावें लागलें.

हा मुलगा जालन्यास एका कारखान्यांत संगणकाचें काम पाहतो व रात्रीं परदेशस्थ गिऱ्हाइकांसाठीं प्रोग्रॅम लिहितो. घरची मोसंबीची बाग पावसाच्या भरंवशावर. तेव्हां ह्या जोडधंद्याचा आधार मोठा. एका गिऱ्हाइकानें सुचविलें, 'मध्यस्थाची दस्तुरी वांचवूं. परभारें व्यवहार करूं.' पुतण्यानें विचारलें, "काका, आगाऊ पैसे मागूं का?" आम्हीं म्हटलें, "आधीं काम दाखीव. सज्जन मनुष्य पैसे बुडवीत नाहीं." दोन महिने रात्री जागून त्यानें काम पाठविलें. त्या गृहस्थाचें पुढें उत्तरच आलें नाहीं.

मुलगा आम्हांस एका शब्दानें बोलला नाहीं. तेंच अधिक लागलें. मग आम्हीं त्याच्याजवळ बसून ह्या धंद्याची रीत समजून घेतली. ईलान्स व ओडेस्क ह्या दोन कंपन्या एक झाल्या व २०१५ सालीं त्यांस अपवर्क हें नांव मिळालें. अशा मध्यस्थाकडे ठरीव कामाची रक्कम गिऱ्हाइकानें आधीं ठेवावयाची, व टप्पा पसंत पडला कीं ती कारागिरास मिळावयाची. जी दस्तुरी वांचविण्यास आम्हीं संमति दिली, ती ह्या जामिनकीचीच किंमत होती!

दुसरें असें कीं, 'सर्व कांहीं येतें' म्हणणारांची तेथें झुंबड असते व ते एकमेकांचे दर पाडतात. चांगला मोबदला मिळतो तो एखाद्याच विषयांत निष्णात असणारास. पुतण्या आतां केवळ दुकानांच्या हिशेबाचेच प्रोग्रॅम लिहितो.

नोकरी करणारानें मालकाची अनुज्ञाही घ्यावी. प्रतिस्पर्धी कंपन्यांचें काम केल्यावरून विप्रोनें ३०० जणांस काढिल्याचें २०२२ सालीं तिच्या अध्यक्षांनींच सांगितलें. शिवाय ही मिळकत प्राप्तिकराच्या विवरणांत दाखविलीच पाहिजे.

असो. परवां एक गृहस्थ नातवाच्या शिकवणीविषयीं विचारावयास आले. पुतण्या शेजारींच बसला होता. आमची जीभ अडखळली खरी; पण आंकडा आम्हीं सांगितला.