चित्र एक, नावं अनेक

सध्या मला ऑनलाइन चित्रकोड्यांचा नाद लागलाय. आर्थर विन यांचं पहिलं शब्दकोडं २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापून आलं, त्यात सूत्रं शब्दांतच होती. इथे सूत्राच्या जागी नुसतं चित्र असतं.

परवा एका इंग्रजी कोड्यात वाफाळता कप होता आणि चौकोन तीन. आता 'टी' लिहू, 'कप' लिहू, 'मग' लिहू की 'हॉट'? इंग्रजीत चारही शब्द तीन अक्षरांचेच! उभ्या शब्दातून मधलं अक्षर 'यू' मिळालं, तरी कप आणि मग दोघेही हटायला तयार नाहीत. शेवटचं 'पी' सापडेपर्यंत माझा खरा चहा गार झाला.

मराठी कोड्यात माझी वेगळीच पंचाईत होते. घरी आम्ही दखनी बोलतो. कांद्याचं चित्र दिसलं की मनात आधी 'प्याज' उमटतो. त्यालाही दोनच चौकोन लागतात: प्या आणि ज. पण कोड्याला हवा असतो 'कांदा'. क्षणभर चिडचिड होते. घरातला शब्द चुकीचा कसा? मग लक्षात येतं, तो चुकीचा नाहीच. शेजारच्या शब्दाशी जुळणारं अक्षर तेवढं त्याच्यापाशी नाही.

एका वस्तूला दोन नावं ठाऊक असल्यानं कोडं सुटायला मला जरा जास्त वेळ लागतो. पण तेवढीच गंमतही जास्त वेळ टिकते.