सी, टी आणि मी

डोंबिवली पूर्वेला आमच्या बिल्डिंगखालच्या केमिस्टकडे मी काहीही बिनधास्त मागू शकते. क्रोसिन, सॅनिटरी नॅपकिन्स, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या... पण प्रेग्नन्सी टेस्टचं किट? शक्यच नाही! संध्याकाळपर्यंत 'काय, गोड बातमी का?' म्हणायला अख्खी सोसायटी हजर झाली असती.

म्हणून तारीख चार दिवस पुढे गेली, तेव्हा मी सरळ ठाण्याला उतरले. गोखले रोडच्या गर्दीत आपल्याला कोण ओळखतंय? तरीही तीन गिऱ्हाइकं जाईपर्यंत मी उगाचच खोकल्याची औषधं न्याहाळत उभी! शेवटी पुटपुटले, "एक किट द्या ना." काउंटरवरच्या दादांनी मान वर न करता विचारलं, "प्रेगा न्यूज की आय-कॅन?" लोकांना वाट्टेल ते प्रश्न विचारणं हा माझा धंदा, पण 'फरक काय?' एवढं काही तोंडातून फुटलं नाही. जे मिळालं ते कागदात गुंडाळून घेतलं आणि पळाले.

उत्तर नंतर शोधलं. फरक फारसा नाही. दोन्ही लघवीतलं एचसीजी हे हार्मोन शोधतात. गर्भ रुजला, की ते तयार होऊ लागतं आणि सुरुवातीला साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं. त्यामुळे ब्रँडपेक्षा एक्स्पायरी डेट आणि सीलबंद पाकीट बघणं महत्त्वाचं. आणि घाई न करणं!

मी अर्थातच घाई केली. त्याच संध्याकाळी, दोन कटिंग आणि बाटलीभर पाणी पोटात असताना. एकच रेष. हुश्श! फ्लॅटचा ईएमआय, फ्रीलान्सिंगची थकलेली पेमेंट्स... आत्ता मूल परवडणारच नव्हतं. पण रात्री कुकर लावताना जाणवलं, सुटल्यासारखं वाटतंय खरं, पण आत कुठेतरी मन खट्टूही झालंय. नवऱ्याला सांगितलं नाही. टेस्टचंच सांगितलं नव्हतं, तर हे कुठून सांगणार?

आठवडा गेला. पाळी नाहीच. पुन्हा ठाणे, पुन्हा तेच दादा. या वेळी मात्र सूचना नीट वाचल्या. सकाळची पहिली लघवी घ्यायची, कारण तिच्यात हार्मोनचं प्रमाण जास्त असतं. ड्रॉपरने सांगितले तेवढेच थेंब टाकायचे. पाच मिनिटं थांबायचं. 'सी'ची रेष म्हणजे किट चालतंय. ती उमटली नाही तर टेस्ट बाद. 'टी'ची रेष म्हणजे... तेच! दिलेल्या वेळेनंतर दिसणाऱ्या रेषेवर मात्र विश्वास ठेवायचा नाही.

"अगं, आटप, पाणी जाईल!" बाहेरून सासूबाई. आणि 'टी'समोर पुसटशी गुलाबी रेष. पुसट म्हणजे काय, अर्धी प्रेग्नन्ट? डॉक्टर मैत्रिणीला फोन लावला. ती हसलीच. "वेळेत उमटली ना? मग पुसट असली तरी पॉझिटिव्हच. पण गर्भ कुठे रुजलाय ते किटला कळत नाही. एका बाजूला जोरात दुखलं, रक्त गेलं किंवा चक्कर आली, तर तडक हॉस्पिटल गाठ."

१९६७मध्ये मार्गारेट क्रेन या २६ वर्षांच्या अमेरिकन डिझायनरने घरच्या घरी करायच्या टेस्टचं मॉडेल बनवलं, तेव्हा तिच्या साहेबांना ती कल्पना मुळीच पसंत पडली नव्हती. बाईला डॉक्टरांच्या आधी कळायचं म्हणजे काय! मला त्या बाथरूममध्ये तिचे आभार मानावेसे वाटले. बातमी सगळ्यांची व्हायच्या आधी काही तास ती फक्त माझी होती. हेही ठाऊक होतं, की नको असेल तर कायद्याने सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते; नवऱ्याची सही लागत नाही. म्हणजे 'हो' म्हटलं, तर ते माझंच असणार होतं.

संध्याकाळी डोंबिवली स्टेशनच्या पुलावर नवऱ्याला गाठलं आणि सांगितलं. तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "तुला काय हवंय?" ईएमआयचं काहीतरी सांगणार होते. सांगितलं ते कुकर लावतानाचं. गर्दी आम्हाला ढकलत पुढे निघून गेली.

मैत्रिणींनो, किट घ्याल तेव्हा दोन घ्या. आणि मान वर करून मागा. त्या दादांना खरंच काही पडलेली नसते!