दूर्वा आणि तणाचे औषध

दूर्वेइतके दुहेरी भाग्य क्वचितच दुसऱ्या एखाद्या तृणाच्या वाट्याला आले असेल. शेतकरी तिला हरळी म्हणतो आणि खणून बांधावर फेकतो. तीच देवळात आली की एकवीसांच्या जुडीने गजाननाच्या मस्तकी चढते. नको त्या जागी उगवले ते तण, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. हा विवेक तणनाशकाजवळ नसतो. तो वापरणाऱ्यानेच करावयाचा असतो.

अंत्रुज महालातील आमच्या देवळाच्या प्रांगणात दीपस्तंभापासून तळीपर्यंत दूर्वेची हिरवळ राखलेली आहे. पाऊस सुरू झाला की तीत टाकळा, लाजाळू आणि लव्हाळा माजतात, आणि दरवर्षी कोणी ना कोणी सुचवितो, "एकदाचे औषध मारून मोकळे व्हा." विषाला औषध म्हणण्याची आपली ही रीत मोठी फसवी आहे!

ग्लायफोसेट तणाबरोबर दूर्वाही मारते. १९४० नंतरच्या दशकात प्रचारात आलेले टू-फोर-डी रुंद पानांची तणे मारते व बहुतेक गवतांना सोडते. परंतु सारी मेख त्या 'बहुतेक' शब्दात आहे. सावलीत लावतात ते जाड पात्यांचे सेंट ऑगस्टीन गवत कडक उन्हात त्याने करपते. लव्हाळा मात्र जमिनीतील गाठींतून पुन्हा उगवतो. आणि वाऱ्यावर उडालेले तुषार वृंदावनातील तुळशीवर पडले, तर तिची कोवळी पाने पिळवटून जातात.

म्हणून फवारणी करणे भागच असेल, तर प्रथम आपले गवत ओळखावे. वेष्टनावर त्या गवताचा व त्या जागेचा उल्लेख नसेल, तर ते द्रव्य वापरू नये. वेष्टनावरील त्रिकोणाचा रंग पाहावा; लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा व हिरवा. मात्रा वाढवू नये. पाने आधीच करपली तर विष मुळापर्यंत पोहोचत नाही. वारा पडलेला असावा, पावसाची चिन्हे नसावीत, हातमोजे व तोंडावर आच्छादन असावे. तणनाशकाचा पंप निराळा ठेवावा आणि तो तळीत कदापि धुऊ नये.

इतके सांभाळूनही एक प्रश्न उरतोच. याच प्रांगणात सुवासिनी भाजीसाठी तायकिळ्याची कोवळी पाने खुडतात, मुले पूजेसाठी दूर्वा वेचतात, गाय चरून जाते. काल कोठे फवारले हे त्यांना कोणी सांगावे?

यास्तव आमचे मत स्पष्ट आहे. देवळाच्या प्रांगणात पहिला मान खुरप्याचा. पावसाने माती मऊ असते तेव्हा टाकळा फुलण्यापूर्वी मुळासकट उपटावा, लव्हाळा गाठींसह खणून काढावा, उघडी पडलेली जागा दूर्वेची मुळे लावून लगेच भरावी. दाट हिरवळीत तणाच्या बियांना ऊनच मिळत नाही. शनिवारची दोन घटका सेवा चार घरांनी वाटून घेतली तर हे सहज साधते. फवारणीवाचून गत्यंतरच नसेल, तर तेवढा भाग दोरीने बांधून पाटी लावावी. आणि पूजेच्या दूर्वेचा एक वाफा निराळा, विषाच्या वाऱ्यापासून दूर राखावा. जी दूर्वा देवाला वाहावयाची, ती गाईच्या मुखीही निर्भयपणे देता आली पाहिजे.