बिननावाचे कप्पे

सांगली जिल्ह्यातील एका गावच्या विद्यार्थी-वसतिगृहाचे खजिनदारपद अण्णांकडे अनेक वर्षांपासून आहे. त्या भागात वसतिगृहाला सारेच बोर्डिंग म्हणतात. बोर्डिंगचा जमाखर्च पूर्वी लाल कापडी बांधणीच्या वह्यांत असे. वह्या होत्या तोवर अण्णांना वाळवीची चिंता होती. हिशेब घरच्या संगणकात आले तशी ती चिंता गेली, आणि तिच्या जागी कोणती धरावी हे मात्र त्यांना कोणी सांगितले नाही.

नात अभियांत्रिकीला असताना तिने त्याच संगणकात विंडोजच्या शेजारी उबुंटू ही दुसरी कार्यप्रणाली बसविली होती. यंत्र सुरू करताच पडद्यावर यादी येई. उबुंटू वर, विंडोज खाली. अण्णा खाली जाणारी कळ दाबून विंडोज निवडत. पुढे नात नोकरीसाठी बंगळूरला गेली. यादी तेवढी मागे राहिली.

सप्टेंबर उजाडला. न्यासाचा लेखापरीक्षण अहवाल महिनाअखेर द्यावयाचा होता आणि पावत्यांच्या प्रती ठेवावयाचा डी कप्पा भरत आला होता. त्याची निळी पट्टी लाल झाली होती. अण्णांनी विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट उघडले. तेथे सुमारे सव्वाशे जीबीचा एक आणि त्याला लागून दुसरा लहान, असे दोन कप्पे दिसले. त्यांना ना नाव, ना अक्षर. हे उबुंटूचे, हा त्यांचा तर्क बरोबर होता. त्यांनी ते दोन्ही पुसले, मोकळी जागा डी कप्प्याला जोडली आणि दिवसभर पावत्या त्यात भरल्या. नातीला विचारले नाही. बँकेत दहा वर्षे न हाललेल्या खात्यातील रक्कमही रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण खातेदाराचा हक्क संपत नाही. हे अण्णांना उत्तम ठाऊक होते. घरातल्या खात्याला तो नियम लावावा असे त्यांच्या मनात आले नाही.

त्या दिवशी काहीच बिघडले नाही. बिघाड दुसऱ्या सकाळी दिसला. काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या आणि खाली 'ग्रब रेस्क्यू' या शब्दांपुढे चौकट लुकलुकत राहिली. विंडोज नाही, यादी नाही. तालुक्याच्या दुकानातील दुरुस्तीवाल्याने यंत्राकडे पाहून सांगितले, "फॉरमॅट मारायला लागेल. डेटाची गॅरंटी नाही." अण्णांनी संगणक उचलून रिक्षात ठेवला. हिशेबाची शेवटची सुरक्षित प्रत मार्चअखेरची होती.

रात्री त्यांनी नातीला फोन केला. तिने आधी काहीच विचारले नाही. पडद्यावरची ओळ अक्षर न अक्षर वाचून दाखवावयास सांगितली. असा कप्पा नाही, अशा अर्थाची ती इंग्रजी ओळ होती. मग ती म्हणाली, "अण्णा, विंडोज जागेवर आहे. फक्त तिच्याकडे जायची वाट तुम्ही पुसलीत."

वाट पुसली म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीच्या संगणकात हार्ड डिस्कचा पहिला तुकडा केवळ 512 बाइटांचा असतो. त्यातील 446 बाइट सुरुवातीच्या सूचनांचे, 64 कप्प्यांच्या नोंदीचे आणि 2 खुणेचे. एवढ्याशा जागेत निवडीची यादी मावणे शक्यच नाही. म्हणून उबुंटू बसविताना ग्रब नावाची प्रणाली तेथे फक्त आपला आरंभ ठेवते आणि उर्वरित भाग उबुंटूच्याच कप्प्यात ठेवते. अण्णांनी तो कप्पा काढला. दारावरचा पहारेकरी उभा राहिला, पण त्याच्या किल्ल्या ज्या खोलीत टांगल्या होत्या ती खोली पाडली गेली. विंडोज चालू असेपर्यंत किल्ल्यांची गरज पडली नाही. म्हणून आदला दिवस सुखाचा गेला.

नातीची पहिली आज्ञा दुरुस्तीची नव्हती. "आधी प्रत काढा, मग हात लावा," असे तिने बजावले. बोर्डिंगमधील संगणकशास्त्राचा एक विद्यार्थी पेनड्राइव्ह घेऊन आला. त्यात उबुंटूच होते. ते यंत्रात न बसविता पेनड्राइव्हवरूनच चालविता येते. ज्या प्रणालीला अण्णांनी काल घराबाहेर काढले, तिनेच आज डी कप्पा उघडून दिला. सारे हिशेब बाहेरच्या डिस्कवर उतरेपर्यंत अण्णा खुर्चीवरून उठले नाहीत.

मग विंडोजचा पेनड्राइव्ह लावला. त्याच्या पडद्यावर मधोमध मोठे बटण असते ते नव्याने विंडोज बसविण्याचे, आणि खाली डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दुरुस्तीची ओळ. गडबडलेला माणूस मोठ्या बटणाकडेच जातो. मांडणी करणाऱ्यांनी याचा विचार करावयास हवा होता. अण्णांनी बारीक ओळ निवडली व आत जाऊन आज्ञा लिहावयाची काळी खिडकी उघडली. तेथे इंग्रजी अक्षरांत 'बूटरेक', मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून 'फिक्सएमबीआर' असे लिहावयाचे. पहिल्या वेळी अण्णांनी रेघ उलट दिशेची दिली. यंत्राने तक्रार केली. दुसऱ्या वेळी काम यशस्वी झाल्याची ओळ आली. या आज्ञेने कप्प्यांची नोंद तशीच राहते, फक्त सुरुवातीच्या सूचना विंडोजच्या होतात. पेनड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू केले. यादी न येता थेट विंडोज आले.

हीच आज्ञा आधी दिली असती आणि मग कप्पे पुसले असते, तर काहीच घडले नसते. अलीकडच्या यूईएफआय पद्धतीच्या संगणकांत मात्र हा उपाय चालत नाही. तेथे प्रत्येक प्रणालीच्या सुरुवातीची फाइल एका लहानशा वेगळ्या कप्प्यात असते आणि यंत्र स्वतः त्यांची क्रमवारी ठेवते. बहुधा त्या क्रमवारीत विंडोज बूट मॅनेजरला वर आणले की पुरते. तो लहान कप्पाही डिस्क मॅनेजमेंटमध्ये बिनअक्षरीच दिसतो. त्याला निरुपयोगी समजून पुसणाऱ्याची अवस्था अण्णांहून वाईट होते.

अहवाल वेळेत गेला. पण त्या रात्री, सारे सुरळीत झाल्यावर, नात फोनवर हळूच म्हणाली, "अण्णा, माझं कॉलेजचं काही नको. पण आजीनं उन्हाळ्यात सांडगे-पापडाचं माप सांगितलं होतं ना, ते मी उबुंटूत रेकॉर्ड केलं होतं. प्रत काढायची राहून गेली."

आजी जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती.

त्या विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवशी सांगितले की कप्पा पुसल्याने नोंद जाते, मजकूर लगेच जात नाही. त्यावर दुसरे लिहिले जाईपर्यंत तो डिस्कवर पडून असतो. अण्णांनी तर दिवसभर पावत्या भरल्या होत्या. तरी फोटोरेक नावाच्या मोफत साधनाने त्याने डिस्क सबंध रात्र चाळली. सापडलेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरल्या, पण नावाशिवाय. हे साधन जुनी नावे परत आणू शकत नाही. आकड्यांची नुसती रांग. बहुतेक गाणी, काही व्याख्याने, काही अर्धवट तुटलेल्या.

अण्णांनी एक कोरी वही घेतली, रकाने आखले आणि कानाला यंत्र लावून क्रमाने ऐकावयास बसले. संध्याकाळपर्यंत 61 फाइली झाल्या. बासष्टाव्यात आधी भांड्यांचा आवाज आला, मग ओळखीचा खोकला आणि "अगं, बंद कर ते, आधी कोहळा किसून घे." पुढचा भाग तुटला होता. अण्णांनी रकान्यात आकडा लिहिला, शेजारी 'सांडगे, अपूर्ण' असे लिहिले आणि त्रेसष्टावी फाइल उघडली.