‘चालत नाही’ म्हणजे नेमकं काय?

बेळगावातल्या एका ऑफिसात मी बारा वर्षं फोनवर बसले. छोट्या संस्थांना आणि दुकानदारांना हिशेबाचे प्रोग्रॅम पुरवणारं ते ऑफिस. प्रोग्रॅम अडला की गिऱ्हाईक फोन करायचं आणि मी उचलायची. निम्मे फोन मराठीतून, निम्मे कन्नडमधून, काही तर अर्धं वाक्य या भाषेत नि अर्धं त्या. पहिलं वाक्य मात्र ठरलेलं. ‘अहो ताई, चालत नाही.’ किंवा ‘मॅडम, वर्क आगतिल्ल.’

आता एवढ्यावरून कुणी काय करावं? डॉक्टरकडे जाऊन आपण नुसतं ‘बरं नाही’ म्हणून थांबत नाही. ताप कधीपासून, थंडी वाजते का, काल बाहेर काय खाल्लं, हे सगळं सांगतो. नाही सांगितलं तर डॉक्टर विचारून घेतात. यंत्राच्या बाबतीत मात्र आपल्याला वाटतं, की पलीकडच्याला इथलं सगळं दिसतंच आहे. त्याला काही म्हणता काही दिसत नसतं. त्याचे डोळे म्हणजे आपले शब्द.

म्हणून मी विचारत असे, एनायितु? यावाग? हेगे? काय झालं, कधी झालं, कसं झालं? ‘अक्षरं बिघडतात’ एवढंच सांगितलं तर दुरुस्त करणारा दिवसभर शोधत बसेल. पण ‘दऱ्या लिहिलं की पडद्यावर नीट दिसतं, छापताना मात्र दर्या उमटतं’ असं सांगितलं, की अर्धा शोध तिथेच संपतो. गडबड छपाईत आहे आणि ती त्या चंद्रकोरीसारख्या अर्ध्या ‘र’ची आहे, हे कळलं.

प्रोग्रॅममधल्या दोषाला इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा म्हणतात. हा शब्द जुना. एडिसनने १८७८ सालीच यंत्रातल्या खोडीसाठी तो वापरला होता. पण ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या ‘मार्क टू’ या अवाढव्य कंप्युटरात खरोखरचा पतंग सापडला. तिथल्या लोकांनी काय केलं पाहा. पतंग फेकून दिला नाही. नोंदवहीत वेळ लिहिली, दुपारचे पावणेचार. कुठल्या पॅनेलमधल्या कितव्या रिलेत सापडला ते लिहिलं आणि पतंग तिथेच चिकटपट्टीने चिकटवला. वेळ, जागा आणि पुरावा. ते पान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. दोषाची बातमी कशी द्यावी याचा याहून छोटा धडा मला माहीत नाही.

या धड्याचं मोल मला कळलं ते ऑफिसात नाही, माहेरी. माझं माहेर डिचोली तालुक्यातलं मुळगाव, केळबाईचा गाव. चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली केली की आलंच. माझी मावसबहीण तिथल्या एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करायची. पिग्मी ही मूळची आपल्या कर्नाटकातली कल्पना. उडुपीला १९२५ साली निघालेल्या आणि पुढे सिंडिकेट बँक म्हणून नावाजलेल्या बँकेने १९२८ साली घरोघर जाऊन रोजचे दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली. कोरगरिबांना ही रीत इतकी पटली, की पतसंस्थांनीही ती उचलली.

ही हकीकत २०११च्या पावसाळ्यातली. खाणी तेव्हा चालू होत्या. गॅरेजवाला, चहावाला, देवळाजवळ फुलं विकणारी आजी असे सगळे तिच्याकडे रोज दहा, वीस, पन्नास रुपये भरत. हातातल्या छोट्या मशीनवर ती पावती फाडायची आणि संध्याकाळी संस्थेत जाऊन मशीन कंप्युटरला जोडायची. दिवसाच्या नोंदी आत गेल्या की रोकड मोजून द्यायची.

जूनमध्ये रोकड कमी पडू लागली. कधी सहाशे, कधी नऊशे. मशीनची बेरीज आणि तिच्या हातातली रोकड जुळायची, पण कंप्युटर जास्त रक्कम दाखवायचा. संस्थेतले म्हणाले, मशीनमधली नोंद पुसता येते, कंप्युटर कशाला खोटं बोलेल? तिच्या कमिशनमधून पैसे कापले. गावात कुजबुज सुरू झाली. एका रात्री तिचा फोन आला. ‘ताई, माका चोर म्हण्टात गो.’

मावशी म्हणत होती, सोड ते काम, घरी बस. आपल्याकडे या सल्ल्याला तिन्ही भाषांत शब्द आहेत. जाऊ दे, सोड गो, होगली बिडु. पण काम सोडलं असतं तर तो डाग कायमचा राहिला असता.

मी तिला एक वही घालायला सांगितली. रोज सात गोष्टी लिहायच्या. पहिल्या आणि शेवटच्या पावतीचा क्रमांक, मशीनची बेरीज, रोकड, कंप्युटरची बेरीज, मशीन कधी जोडलं, आणि शेवटी ‘आज वेगळं काय झालं’. फरक पडला नाही त्या दिवशीही लिहायचं. हे शेवटचं तिला पटेना. चांगल्या दिवसाचं काय लिहायचं? पण बिघाड कशाने होतो हे कळायला तो कधी होत नाही हेही कळावं लागतं.

गावात देवीला कौल लावतात तेव्हा एका वेळी एकच प्रश्न घालतात. उजवी की डावी, एवढंच उत्तर घ्यायचं आणि मग पुढचा प्रश्न. दहा प्रश्न एकदम घातले तर पाकळी पडली ती कशासाठी, कुणी सांगावं? मीही तिला तेच सांगितलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी मशीन बदलून पाहिलं, फरक तसाच. म्हणजे दोष या मशीनचा नाही. मग रस्ता बदलला, देवळाऐवजी गॅरेजकडून सुरुवात केली. तरीही तसाच.

बारा दिवसांच्या वहीत चार दिवस फरकाचे निघाले. त्या चारही दिवशी शेवटच्या रकान्यात तिने सहज लिहिलं होतं, ‘मशीन जोडलं असताना लाइट गेली, परत जोडलं.’ संस्थेच्या यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती. उरलेल्या आठ दिवसांत लाइट गेली होती ती नोंदी आत जाऊन झाल्यावर, किंवा गेलीच नव्हती.

संशय आला, पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा आणला फुलवाल्या आजींनी. पासबुक घेऊन त्या आपणहून संस्थेत आल्या. ‘बाळ, मी वीस भरले, इथं चाळीस झालेत.’ पैसे कमी जमा झाले तर माणूस तडक धावत येतो. जास्त झाले तर कोण बोलतं? तोवर कुणीच बोललं नव्हतं.

मग मी संस्थेच्या कारकुनाला फोनवर एकच विनंती केली. त्या दिवसाची बेरीज नको, पावती क्रमांकानुसार यादी छापा. यादीत पहिल्या ३१ पावत्या दोन-दोनदा होत्या. त्या ३१ पावत्यांची बेरीज ६४० रुपये. त्या दिवशीची तूटही बरोबर ६४०.

लाइट जाण्यापूर्वी जेवढ्या नोंदी आत गेल्या, तेवढ्या पुन्हा जोडल्यावर नव्याने जमा होत होत्या. आम्ही एका कागदावर सगळं लिहिलं. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, प्रोग्रॅमची कितवी आवृत्ती, चार तारखा आणि वेळा, सोबत यादी आणि पासबुकाच्या पानाची झेरॉक्स. ‘तुमचा प्रोग्रॅम चोर आहे’ असं कुठेही लिहिलं नाही. रागाने कागद भरतो, माहिती भरत नाही. प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी मशीन जोडलं, मध्येच वीज तोडली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तसंच झालं. आठ दिवसांत नवी आवृत्ती आली. एकदा घेतलेला पावती क्रमांक ती पुन्हा घेत नव्हती.

बहिणीचे कापलेले पैसे परत मिळाले. तो शब्द मात्र तिच्या मनात पुष्कळ दिवस राहिला. गरज नसतानाही पुढची दोन वर्षं ती वही लिहीत होती.

हे छोट्या गावात घडलं म्हणून छोटं समजू नका. ब्रिटनमध्ये टपाल खात्याने ‘होरायझन’ नावाची कंप्युटर यंत्रणा आणली. तिच्या आकड्यांवर भरवसा ठेवून १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक पोस्टचालकांना अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, काहींची घरं विकली गेली. यंत्रणेत दोष होते, हे कोर्टाने २०१९च्या डिसेंबरात मान्य केलं आणि त्या शिक्षा रद्द करायला २०२४ साली संसदेला कायदा करावा लागला. स्कॉटलंडमधल्या डलमेलिंग्टन गावात तर २०१५ साली आठ हजार पौंडांची एकच रक्कम पुन्हापुन्हा नोंदली गेली होती. आमच्या ६४० रुपयांची मोठी बहीणच ती.

आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे. पैसे, रेशन, पेन्शन, मुलांची फी, सगळं त्यातूनच. काही अडलं तर आधी एक मिनिट थांबा. पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा उतरवून घ्या किंवा त्याचा फोटो काढा. आपल्याला त्यातलं इंग्रजी कळत नसलं तरी दुरुस्त करणाऱ्याला कळतं. तारीख, वेळ, व्यवहाराचा क्रमांक लिहा. त्याआधी काय केलं होतं, काही नवीन घातलं होतं का, तेही लिहा. पुन्हा केल्यावर तसंच होतं का, दुसऱ्या फोनवर होतं का, हे पाहा. पण पैसे पाठवताना अडलं असेल तर आधी खातं तपासा, नाहीतर तेच पैसे दोनदा जातील. आणि माहिती द्यायची म्हणून पिन, पासवर्ड, ओटीपी कुणालाही देऊ नका. दोष शोधायला त्यांची कधीच गरज नसते. फोटोत खाते क्रमांक दिसत असेल तर तो झाकूनच पाठवा.

घरातल्या वडीलधाऱ्यांना हे जमत नाही म्हणून त्यांच्यावर चिडू नका. ‘तुम्हीच काहीतरी दाबलं असेल’ हे वाक्य किती घरांत रोज ऐकू येतं! त्याऐवजी शेजारी बसा आणि शांतपणे विचारा, एनायितु? मग त्या सांगतील ते मध्ये न तोडता ऐका. पुष्कळदा त्यांचं काहीही चुकलेलं नसतं.