जादूगाराची साक्ष

रहस्यकथेच्या दारात जादूला मज्जाव असतो. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथाकारांसाठी दहा आज्ञा लिहिल्या. त्यांतल्या दुसऱ्याच आज्ञेने अतिमानुष शक्तींना हद्दपार केले. कारण उघड आहे. बंद खोलीत प्रेत सापडावे आणि शेवटच्या पानावर खुनी भिंतीतून आरपार गेल्याचे कळावे, ही डोके शिणवून वाचणाऱ्याची फसवणूकच होय. रँडल गॅरेट (१९२७–१९८७) या अमेरिकन लेखकाने ही आज्ञा मोडली, आणि वाचकाला न फसवता मोडली. त्याची 'टू मेनी मॅजिशियन्स' ही कादंबरी १९६६ मध्ये 'अ‍ॅनालॉग' मासिकातून क्रमशः आली व पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने निघाली. गेले काही आठवडे ती आम्हां दोघांत फिरते आहे आणि तिच्यावरून आमचा वादही चालू आहे.

तिच्यातला इतिहास आपल्या इतिहासापासून एका बाणाने वेगळा होतो. इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९९ च्या मार्चमध्ये फ्रान्समधील शाल्यूच्या वेढ्यात बाण लागून जखमी झाला आणि ६ एप्रिलला मरण पावला. गॅरेटच्या जगात तो या जखमेतून वाचतो, शहाणपणाने राज्य करतो, आणि त्याचे प्लँटॅजेनेट घराणे विसाव्या शतकातही इंग्लंड-फ्रान्सच्या एकत्रित साम्राज्यावर बसलेले असते. आगगाड्या आहेत, वायूचे दिवे आहेत, पिस्तुले आहेत. पण विद्वानांची बुद्धी भौतिकशास्त्राऐवजी जादूच्या गणिताकडे वळली आहे. नॉर्मंडीच्या ड्यूकचा मुख्य तपास अधिकारी लॉर्ड डार्सी आणि त्याच्या साह्याला मास्टर शॉन हा आयरिश मांत्रिक, अशी ही जोडी. शॉनच्या हातात चिन्हांनी भरलेली पिशवी असते आणि गुन्ह्याच्या जागी तो जे करतो, ते आपल्याकडे न्यायवैद्यक प्रयोगशाळा करते.

कोणत्याही अद्भुतकथेत जादूगार हवे ते करू शकतो. शॉनला ती मुभा नाही. त्याच्या जादूला सादृश्याचा आणि संसर्गाचा असे दोन मुख्य नियम आहेत. नियम गॅरेटचे नव्हेत. जेम्स फ्रेझरने १८९० च्या 'द गोल्डन बाउ' या ग्रंथात जगभरच्या तोडग्यांतून ते शोधून काढले. एकदा स्पर्शलेल्या वस्तू दूर गेल्या तरी जोडलेल्याच राहतात, हा संसर्ग. करणीसाठी केस-नखे पळवली जातात ती याच समजुतीने. फ्रेझरच्या लेखी हे सारे चुकलेले विज्ञान होते. गॅरेट म्हणतो, धरून चालू की ते बरोबर होते. मग पुरावा कसा तपासाल? तुटलेले बटण कोणत्या कोटाचे, गोळी कोणत्या पिस्तुलाची, एवढेच शॉन सांगतो. कोट तेथे का गेला, हे डार्सीने ओळखायचे. आणि डार्सीच्या अंगी जादू तिळमात्र नाही. आम्हांला ही रचना फार आवडली.

डार्सीच्या पहिल्या कथेत (१९६४) तर मृताच्या डोळ्यांतले अखेरचे चित्र उमटवण्याचा प्रयोग आहे. ही कल्पना गॅरेटची एकट्याची नाही. १८७० च्या दशकात हायडेलबर्गच्या विल्हेल्म क्यूने या शरीरशास्त्रज्ञाने सशाला गजांच्या खिडकीकडे पाहायला लावून मारले आणि त्याच्या दृष्टिपटलावर त्या गजांची पुसट आकृती खरोखरच मिळवली. मग खुन्याचा चेहरा असाच मिळेल, अशी आशा पोलिसांना अन् कथालेखकांना बरीच वर्षे होती. ती फोल ठरली. गॅरेटने मात्र येथे एक सूक्ष्म भेद केला आहे: शॉनला मिळणारे चित्र मरणाऱ्याच्या मनाने रंगवलेले असते. जादूने दिलेल्या साक्षीचाही अर्थ लावावा लागतो!

कादंबरीत लंडनच्या एका हॉटेलात मांत्रिकांचे अधिवेशन भरते आणि आतून बंद खोलीत शहराचा प्रमुख तपास-मांत्रिक सर जेम्स झ्विंगे याचा खून होतो. खून कोणी केला ते सांगण्याचा अधर्म आम्ही करणार नाही. पण या नावाकडे वाचकांचे लक्ष वेधतो. बुवाबाजी उघडी पाडण्यात हयात घालवलेले जादूगार जेम्स रँडी (१९२८–२०२०) यांचे मूळ आडनाव झ्विंगे. हा योगायोग नसावा.

आमचा वाद येथून सुरू झाला. आमच्यापैकी एकाचे म्हणणे, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला त्या महाराष्ट्रात, जादू खरी मानणारे पुस्तक वर्गात नेताना दहादा विचार करावा. दुसऱ्याचा आक्षेप वेगळा आहे. या जगात धर्मसंस्थेचा परवाना असलेलाच मांत्रिक कायदेशीर. खेड्यातली बिनपरवाना जडीबुटीवाली गुन्हेगार. परवाना देणाऱ्याला कोणी तपासायचे, हा प्रश्न गॅरेटच्या मनाला शिवत नाही. राजा भला, सरदार भले, धर्मगुरू भले. सरंजामशाहीचे इतके गोड चित्र रंगवणे आम्हां दोघांनाही रुचले नाही. दाभोलकरांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी झालेला आपला जादूटोणाविरोधी कायदा याहून शहाणा आहे. जादू असते की नसते, या वादात तो पडत नाही. तिच्या नावाने लुबाडणे, मारणे, सर्पदंश झालेल्याला औषधापासून अडवणे, हे तो गुन्हे ठरवतो.

शेवटी पुस्तकाची गोष्ट आम्ही पदव्युत्तर वर्गात सांगितली. सातपुड्याच्या पायथ्याकडून आलेली एक विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली. तिच्या भागात बाईला डाकीण ठरवतात. गावात ताप आला, गुरे मेली, की कोणीतरी एक नाव घेतो आणि तेवढे पुरते. तिने विचारले, "सर, त्या पुस्तकात एखादीवर काळ्या जादूचा आळ आला, तर तो शाबीत करावा लागतो का?"

लागतो, आम्ही म्हणालो. कोणता मंत्र, कोणती वस्तू, कोणाचा स्पर्श, हे शॉनला तपासून दाखवावे लागते. खुद्द शॉनही या कादंबरीत संशयावरून कोठडीत जातो.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे जादू खरी आहे तिथे पुरावा मागतात, आणि आमच्याकडे…" वाक्य तिने पुरे केले नाही. पुस्तक मात्र मागून नेले. इंग्रजी जड जाते म्हणून दर शुक्रवारी दोन प्रकरणे आमच्यासमोर बसून वाचते. अधिवेशन नुकतेच सुरू झाले आहे. झ्विंगे अजून जिवंत आहे.